मानवी पेशींसाठी बनवलेली प्रतिपिंडे छोट्या माकडांच्या पेशी खरोखर ओळखतात का?

गोदातीर (नांदेड)

सर्वांना नमस्कार. मी मूळचा नांदेडचा. काही वर्षे परदेशातील एका प्रयोगशाळेत मार्मोसेट या छोट्या माकडांच्या रोगप्रतिकारक पेशींवर काम केले आणि आता नांदेडमध्येच पदव्युत्तर वर्गांना शिकवतो. शिकवताना एक समजूत इतक्या वेळा समोर येते की तिच्यावर स्वतंत्र धागा काढावासा वाटला. मानवी पेशींसाठी तयार केलेले प्रतिपिंड (ठरावीक रेणूलाच चिकटणारे आणि रंग जोडून पेशी ओळखण्यासाठी वापरले जाणारे प्रथिन) माकडाच्या पेशीला चिकटले म्हणजे ती पेशी ओळखली गेली, आणि चिकटले नाही म्हणजे ती पेशी त्या रक्तात नाही, अशी ही समजूत आहे. तिच्या दोन्ही बाजूंनी चुकीचे निष्कर्ष निघतात, आणि ज्या प्राण्याच्या अंगातून रक्ताचे काही थेंबच घेता येतात त्याच्या बाबतीत असे निष्कर्ष फार महाग पडतात.

ज्यांनी मार्मोसेट पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. ईशान्य ब्राझीलच्या जंगलातले हे माकड पूर्ण वाढल्यावरही साधारण ३०० ते ४५० ग्रॅम वजनाचे असते. झाडाची साल दातांनी कोरून त्यातून पाझरणारा डिंक खाणे हा त्याचा स्वभाव आहे, त्यामुळे प्रयोगशाळेतही रक्त काढून झाल्यावर त्याला बाभळीच्या कुळातील झाडांचा डिंक बक्षीस म्हणून देतात आणि ते तो दोन्ही हातांत धरून चाटत बसते. एवढ्या प्राण्याच्या शरीरात एकूण रक्त सुमारे पंचवीस मिलिलिटर असते. एका वेळी त्याच्या दहा टक्क्यांहून अधिक काढू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी घेतले जाते. मांडीच्या शिरेतून रक्त घेतल्यावर जांघेत कापसाचा बोळा धरून बराच वेळ दाबून ठेवावे लागते, कारण त्या शिरेतून थोडे रक्त आत झिरपले तरी त्या जिवाला ते सोसत नाही. हाती येते ती एक लहानशी नळी, आणि त्यातूनच सगळे प्रश्न सोडवायचे असतात.

आता प्रतिपिंडांकडे येतो. १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन यांनी हायब्रिडोमाचे तंत्र (प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि अखंड वाढणारी कर्कपेशी यांचा संकर करण्याची पद्धत) शोधले आणि एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तेवढे तयार करणे शक्य झाले. पुढे जगभरातल्या प्रयोगशाळांनी मानवी श्वेतपेशी उंदरांना टोचून शेकडो क्लोन (एकाच पेशीपासून वाढलेले, प्रत्येकी एकच प्रतिपिंड देणारे वंश) तयार केले. कोणता क्लोन कोणत्या रेणूला चिकटतो याचा ताळमेळ लावण्यासाठी १९८२ साली पॅरिसमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय कार्यशाळा झाली आणि तेथून सीडी क्रमांकांची, म्हणजे पेशीवरच्या रेणूंना सीडी३, सीडी४ अशी नावे देण्याची, पद्धत सुरू झाली. म्हणजे आपण ज्यांना व्यवहारात मानवी प्रतिपिंडे म्हणतो ती बहुतेक उंदरांच्या शरीरात, मानवी रेणूंविरुद्ध तयार झालेली आहेत. मार्मोसेटसाठी स्वतंत्रपणे बनवलेली प्रतिपिंडे आजही मोजकीच आहेत, म्हणून संशोधकाला मानवी कपाटातूनच बाटली काढावी लागते. त्यात कमीपणा काही नाही. बाटली काढल्यावर काय तपासायचे, हा खरा प्रश्न आहे.

मार्मोसेटचे पूर्वज आणि आपले पूर्वज सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. ऱ्हीसस माकड, म्हणजे आपल्याकडचे लाल तोंडाचे माकड, आपल्यापासून सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. या काळात पेशीच्या पृष्ठभागावरचे रेणू हळूहळू बदलत गेले. प्रतिपिंड संपूर्ण रेणूला पकडत नाही. ते त्याच्यावरच्या काही अमिनो आम्लांच्या एका लहान जागेला, म्हणजे एपिटोपला पकडते. दोन प्राण्यांचा एखादा रेणू बव्हंशी सारखा असूनही नेमक्या त्या जागेवर एखादे अमिनो आम्ल बदललेले असले तर प्रतिपिंड घसरून पडते. याउलट, रेणू बराच बदललेला असला तरी ती जागा शाबूत असेल तर प्रतिपिंड घट्ट बसते. म्हणून 'मार्मोसेटचा सीडी३ मानवाच्या सीडी३ शी किती टक्के जुळतो' या आकड्यावरून काहीच ठरत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण सीडी३ चेच आहे. टी पेशी (श्वेतपेशींचा एक प्रमुख प्रकार) ओळखण्याची ही मूळ खूण. मानवी रक्तासाठी ओकेटी३ आणि यूसीएचटी१ हे दोन क्लोन वर्षानुवर्षे वापरात आहेत. त्यांपैकी ओकेटी३ तर १९८६ साली अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळालेले पहिले मोनोक्लोनल प्रतिपिंड ठरले. हे दोन्ही क्लोन ऱ्हीससच्या टी पेशींना चिकटत नाहीत. त्याच सीडी३ विरुद्ध बनवलेला एसपी३४-२ हा क्लोन मात्र मानव, ऱ्हीसस आणि मार्मोसेट या तिघांत काम करतो. रेणू एकच, लक्ष्यही मानवीच, तरी एक बाटली निरुपयोगी आणि दुसरी उपयोगी. त्यामुळे 'सीडी३ मार्मोसेटमध्ये चालतो का' हा प्रश्न अपुरा आहे. कोणता क्लोन, कोणत्या प्रजातीत, कोणत्या रंगासोबत आणि कोणत्या मात्रेत, असे सगळे विचारल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही.

इथपर्यंत झाली चिकटण्याची गोष्ट. याहून कठीण भाग पुढचा आहे, तो म्हणजे प्रतिपिंड बरोबर रेणूला चिकटले तरी तो रेणू त्याच प्रकारच्या पेशीवर असेल याची खात्री नसते. मानवी रक्तात सीडी५६ पाहून आपण एनके पेशी (विषाणूबाधित पेशींना मारणाऱ्या श्वेतपेशी) वेगळ्या काढतो. ऱ्हीससमध्ये सीडी५६ मोनोसाइट या दुसऱ्याच प्रकारच्या श्वेतपेशींवर आढळतो, तर एनके पेशींवर सीडी८ ठळक असतो. मानवी गेट (फ्लो सायटोमीटर या पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्राच्या आलेखावर, म्हणजे प्लॉटवर, हव्या त्या पेशींभोवती आखलेली सीमा) जसाच्या तसा ऱ्हीससच्या प्लॉटवर ठेवणारा मनुष्य मोनोसाइट मोजून त्यांना एनके पेशी म्हणेल, आणि प्लॉट इतका स्वच्छ दिसेल की त्याला शंकाही येणार नाही. मोठ्या माकडात हे घडते, तर त्याहून दूरच्या मार्मोसेटमध्ये कोणतीही मानवी खूण न तपासता स्वीकारणे मला योग्य वाटत नाही.

मराठवाड्यातील पशुवैद्यक, रुग्णालयांतील प्रयोगशाळा आणि महाविद्यालये येथे काम करणाऱ्या सभासदांनी आपले अनुभव जरूर मांडावेत.

एआरटी_लॅब (लातूर)

सर, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी एचआयव्ही रुग्णांच्या सीडी४ तपासणीचे काम बरीच वर्षे केले आहे. आमच्याकडे नळीत ठरावीक मात्रेचे तयार मिश्रण येते, त्यात रक्त घालायचे, अंधारात ठेवायचे, लाल पेशी फोडायच्या आणि यंत्रावर चालवायचे. सीडी४५ च्या आधारे लिम्फोसाइट (टी, बी आणि एनके पेशींचा गट) वेगळ्या होतात, त्यांतून सीडी३ आणि सीडी४ दोन्ही असलेल्या पेशी मोजल्या जातात आणि आकडा छापून येतो. मानवी रक्तात प्लॉटवर पेशींचे तीन ढग, म्हणजे ठिपक्यांचे पुंजके, इतके सुटे दिसतात की मधली रेषा यंत्रालाही ओढता येते. माझा प्रश्न असा आहे की माकडाच्या रक्तात हे ढग तेवढे सुटे दिसत नसतील, तर ऋण (न रंगलेल्या पेशी) कुठे संपते आणि धन (रंगलेल्या पेशी) कुठे सुरू होते हे आपण कशावरून ठरवता? आणि आमच्यासारखे तयार मिश्रण थेट वापरले तर काय होईल?

गोदातीर (नांदेड)

ताई, आपण नेमक्या जागेवर बोट ठेवले आहे. आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. तयार मिश्रणात प्रत्येक प्रतिपिंडाची मात्रा मानवी पेशींसाठी ठरवलेली असते. मार्मोसेटच्या रेणूवर तेच प्रतिपिंड बहुधा कमी ताकदीने बसते, त्यामुळे तीच मात्रा कुठे अपुरी पडते आणि कुठे वाढवल्यावर नको त्या पेशींनाही रंग चढतो. शिवाय मिश्रणातला एखादा क्लोन अजिबात चिकटत नसेल तर संपूर्ण गणित कोलमडते, कारण आकडा मात्र छापून येतोच. म्हणून मार्मोसेटसाठी प्रत्येक प्रतिपिंड सुटे घ्यावे आणि त्याची मात्रा स्वतः ठरवावी. प्रतिपिंड क्रमाने निम्मे निम्मे करत जाऊन, ज्या पातळीवर धन आणि ऋण पेशींमधले अंतर सर्वांत जास्त मिळते ती पातळी निवडावी. सिग्नल सर्वांत उजळ कुठे आहे एवढेच पाहून मात्रा ठरवली तर हमखास जास्त प्रतिपिंड घातले जाते.

आता पहिला प्रश्न. एसपी३४-२ ने रंगवलेल्या मार्मोसेटच्या रक्ताचा प्लॉट चांगला आला तर दोन ढगांमधली दरी मानवी प्लॉटसारखीच दिसते. कमकुवत क्लोन वापरला तर धन ढग उजवीकडे सुटा न होता ऋण ढगाच्या खांद्यावर टेकलेला दिसतो, आणि तेथे रेषा कुठे ओढावी हे केवळ नजरेवर सोडले तर प्रत्येक जण वेगळी रेषा ओढतो. अशा वेळी एफएमओ नियंत्रण आवश्यक ठरते. ज्या प्रतिपिंडाबद्दल शंका आहे ते एकच वगळून बाकी सगळी प्रतिपिंडे घातलेली नळी शेजारी चालवायची. इतर रंगांची सांडलवंड कुठपर्यंत येते ते तीतून कळते आणि रेषा त्याच्या पलीकडे ओढता येते. आयसोटाइप नियंत्रणाचा (त्याच प्रकारचे, पण त्या रेणूला न चिकटणारे प्रतिपिंड घालून केलेल्या तुलनेचा) उपयोग आहे, परंतु मार्मोसेटच्या एफसी ग्राहकांशी (प्रतिपिंडाचे शेपूट पकडणाऱ्या, पेशीवरच्या रेणूंशी) उंदराचे प्रतिपिंड कसे वागते हे मानवी अनुभवावरून गृहीत धरता येत नाही, म्हणून मी त्याच्यावर एकट्याने विसंबत नाही. मृत पेशी प्रत्येक वेळी वेगळ्या रंगाने दाखवून बाजूला काढाव्यात, कारण त्या जवळजवळ प्रत्येक प्रतिपिंडाला धरून ठेवतात आणि खोटा धन ढग तयार करतात.

त्याच दिवशी, त्याच बाटलीतून, एका माणसाचे रक्तही चालवावे, ही माझी ठाम सूचना आहे. मानवी नळीत सगळे नीट दिसले आणि मार्मोसेटच्या नळीत दिसले नाही तर दोष प्रतिपिंड आणि प्रजाती यांच्या जुळणीत आहे. दोन्हींत दिसले नाही तर बाटली, यंत्र किंवा हात यांपैकी काहीतरी बिघडले आहे. या एका नळीने कितीतरी अनावश्यक वाद वाचतात.

एवढे झाल्यावरही प्रतिपिंडाला एकट्याने साक्ष देऊ देऊ नये. सीडी३ आणि सीडी२० एकाच पेशीवर दोन्ही ठळक दिसू लागले तर काहीतरी चुकले आहे, कारण टी पेशी आणि बी पेशी वेगळ्या असायला हव्यात. सीडी४ आणि सीडी८ धन पेशींची बेरीज सीडी३ पेशींच्या जवळपास यायला हवी, थोडा फरक समजण्यासारखा असतो. ढगातल्या पेशी आकार आणि कणिकामयता यांच्या प्लॉटवर मागे नेऊन पाहाव्यात. लिम्फोसाइट म्हणून रंगलेल्या पेशी मोनोसाइटच्या जागी उतरल्या तर गेट सोडून द्यावा. टी पेशींना उत्तेजित केल्यावर त्यांच्यावर सक्रियतेच्या खुणा येतात का, हे पाहणे ही त्यापुढची पायरी. आणि ज्या प्रयोगशाळेला परवडते तिने ढगातल्या पेशी यंत्राने वेगळ्या काढून (सॉर्ट करून) त्यांतील आरएनए तपासावा, किंवा मार्मोसेटचा तो जनुक एखाद्या पेशीवाणात (प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशींच्या वंशात) घालून प्रतिपिंड त्या पेशीवाणाला चिकटते का ते बघावे. या शेवटच्या चाचणीला प्राण्याचे रक्त लागत नाही, म्हणून खरे तर तीच सर्वांत आधी व्हायला हवी. मार्मोसेटचा जनुकसंच २०१४ साली प्रसिद्ध झालेला आहे, त्यामुळे जनुकाचा क्रम मिळवणे आता अवघड राहिलेले नाही.

देवणी_पशुवैद्य (परभणी)

चर्चा वाचून फार समाधान वाटले, कारण ही अडचण आम्हा पशुवैद्यकांच्या रोजच्या परिचयाची आहे. देवणी किंवा लाल कंधारी गाईच्या पेशींसाठी गोवंशाची प्रतिपिंडे मिळतात, परंतु म्हशीसाठी स्वतंत्र प्रतिपिंडे जवळजवळ नाहीत. म्हशीच्या रक्तावर गाईसाठी बनवलेलीच प्रतिपिंडे वापरावी लागतात आणि त्यांपैकी अनेक चांगली चालतातही. उस्मानाबादी शेळीच्या बाबतीत मेंढीच्या आणि गाईच्या बाटल्या आळीपाळीने उघडून पाहाव्या लागतात. त्यामुळे सरांनी मांडलेला क्लोननिहाय तपासणीचा आग्रह मला पूर्णपणे पटतो.

ऊतींच्या कापांबाबत एक महत्त्वाची भर घालतो. पेशीच्या बाहेरच्या बाजूचा भाग उत्क्रांतीत झपाट्याने बदलतो, कारण त्याचा सामना सतत बदलणाऱ्या जंतूंशी आणि इतर पेशींशी होत असतो. त्याच रेणूचे पेशीच्या आत असलेले शेपूट मात्र संदेश पोहोचवण्याचे ठरावीक काम करते, म्हणून ते फारसे बदलत नाही. सीडी३ च्या एप्सिलॉन साखळीच्या आतल्या शेपटाविरुद्ध सशाच्या शरीरात तयार केलेले प्रतिपिंड माणूस, कुत्रा, गाय आणि माकड अशा अनेक प्राण्यांच्या कापांत टी पेशी दाखवते. बी पेशींच्या सीडी७९ए च्या आतल्या भागाविरुद्धचा एचएम५७ हा क्लोनही असाच अनेक प्रजातींत चालतो. मॅक्रोफेज आणि मेंदूतील मायक्रोग्लियासाठी आयबीए१ चे प्रतिपिंड तर सस्तन प्राण्यांत जवळजवळ सर्वत्र उपयोगी पडते. यात मर्यादा एकच की शेपूट आत असल्याने पेशीला छिद्रे पाडावी लागतात. अशा पेशी पुढे जिवंत वापरता येत नाहीत. पण प्लीहा, लसिकाग्रंथी किंवा मेंदू यांच्या कापांत पेशी कुठे बसल्या आहेत एवढेच पाहायचे असेल तर मार्मोसेटसाठी हा सर्वांत सुरक्षित रस्ता आहे, असे माझे मत आहे.

श्रुती_बीड

सर, मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या अंतिम वर्षात शिकते. जपानमध्ये जनुक बदललेली मार्मोसेट तयार केली आहेत आणि त्यांच्यात काही रोगप्रतिकारक पेशी तयारच होत नाहीत, असे वाचले होते. आपण म्हणता की प्रतिपिंड न चिकटणे म्हणजे पेशी नसणे नव्हे. मग तेथील संशोधकांनी पेशी खरोखर नाहीत हे कसे सिद्ध केले असेल?

गोदातीर (नांदेड)

श्रुती, प्रश्न उत्तम आहे, आणि या धाग्याच्या मुळाशीच जातो. कावासाकी येथील संस्थेतील संशोधकांनी २००९ साली, बाहेरून घातलेला जनुक पुढच्या पिढीत उतरणारी पहिली मार्मोसेट तयार केली. २०१६ साली त्यांनी आयएल२आरजी हा जनुक निकामी केलेली मार्मोसेट प्रसिद्ध केली. माणसात हा जनुक बिघडला तर टी पेशी आणि एनके पेशी तयार होत नाहीत आणि बाळाला जन्मतःच तीव्र प्रतिकारन्यूनता होते. मार्मोसेटमध्ये तसेच घडले हे दाखवायचे असेल तर रिकामा प्लॉट पुरेसा ठरत नाही. तेच प्रतिपिंड, त्याच मात्रेत, निरोगी मार्मोसेटच्या रक्तात त्याच पेशींचा स्पष्ट ढग दाखवते, हे शेजारी मांडावेच लागते. जे प्रतिपिंड निरोगी प्राण्यातही काहीच दाखवत नाही, त्याने आजारी प्राण्यातल्या अभावाबद्दल काहीही सांगितलेले नसते.

त्याच संस्थेच्या परिसरात २००० नंतरच्या दशकात मार्मोसेटच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करण्याचे काम झाले, हा योगायोग मला वाटत नाही. मार्मोसेटचा सीडी४५ ओळखणारा ६सी९ हा क्लोन त्यांपैकीच एक आहे. प्राणी घडवण्याआधी त्याच्या पेशी ओळखण्याची साधने तयार केली, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो.

येथेच मार्मोसेटचे एक वेगळेपण सांगायला हवे, जे मानवी अनुभवावरून कधीच लक्षात येणार नाही. या माकडांना बहुधा जुळी पिल्ले होतात. ती दोन वेगळ्या बीजांडांपासून वाढतात, परंतु गर्भात असताना त्यांचे नाळेतील रक्ताभिसरण एकमेकांत मिसळते. परिणामी जन्मानंतरही प्रत्येक पिल्लाच्या रक्तात स्वतःच्या पेशींबरोबर भावंडाच्या पेशी आयुष्यभर फिरत राहतात. आता अशी कल्पना करा की एखाद्या क्लोनचा एपिटोप त्या प्रजातीत सर्वांमध्ये सारखा नाही. सायनोमोल्गस या ऱ्हीससच्या जवळच्या माकडांत असे प्रत्यक्ष आढळले आहे. एफएन१८ हा सीडी३ विरुद्धचा क्लोन काही सायनोमोल्गसच्या टी पेशींना चिकटतो आणि काहींच्या टी पेशींना चिकटत नाही, कारण त्यांच्या सीडी३ मध्ये जन्मजात फरक असतो. माणसातही सीडी४ च्या ओकेटी४ एपिटोपचा असा अभाव काही व्यक्तींत आढळतो, त्यांच्या सीडी४ पेशी मात्र व्यवस्थित असतात. मार्मोसेटमध्ये असा फरक असला तर एकाच प्राण्याच्या रक्तात टी पेशींचे दोन ढग दिसू शकतील, एक स्वतःचा आणि एक भावंडाचा, आणि पाहणारा त्यांना दोन वेगळे उपप्रकार समजेल. म्हणून एकाच प्राण्यावर तपासून क्लोन पास झाला असे म्हणू नये. निदान वेगवेगळ्या कुटुंबांतील काही प्राणी घ्यावेत.

जालना_निसर्ग

मी जीवशास्त्राचा विद्यार्थी नाही, परंतु प्राण्यांवरील प्रयोगांबद्दल मनात कायम अस्वस्थता असते. आपण सर्वांनी अतिशय जबाबदारीने लिहिले आहे, म्हणूनच विचारावेसे वाटते. पेशी इतक्या वेगळ्या वागत असतील, तर या मुक्या जिवांना त्रास देऊन माणसाला नेमके काय मिळते? लंडनमध्ये माकडांवर सुरक्षित ठरलेल्या औषधाने स्वयंसेवक मरणाच्या दारात गेले होते, असे वाचल्याचे स्मरते.

गोदातीर (नांदेड)

आपली अस्वस्थता मला रास्त वाटते आणि तिचे उत्तर टाळू नये असेही वाटते. आपण उल्लेखिलेली घटना मार्च २००६ मधील आहे. टीजीएन१४१२ हे सीडी२८ ला चिकटून टी पेशी जागृत करणारे प्रतिपिंड होते. सायनोमोल्गस माकडांत निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाएवढी मात्रा सहा स्वयंसेवकांना दिली गेली आणि काही तासांतच सहाही जणांना सायटोकाइनचे वादळ (दाह वाढवणाऱ्या संदेशरेणूंचा अचानक पूर) येऊन अतिदक्षता विभागात हलवावे लागले. माकडाच्या सीडी२८ चा बाहेरचा भाग मानवासारखाच होता आणि प्रतिपिंड त्याला चिकटतही होते. पुढील संशोधनात आढळले की माणसाच्या ज्या सीडी४ स्मृतिपेशींवर सीडी२८ असतो आणि ज्यांनी हे वादळ उठवले, तशाच पेशींवर त्या माकडांत सीडी२८ नसतो. म्हणजे चूक चिकटण्याच्या तपासणीत नव्हती, तो रेणू कोणत्या पेशीवर आहे हे पुरेसे पाहिले गेले नव्हते. मी पहिल्या लेखनात सीडी५६ बद्दल जे म्हटले त्याचीच ही गंभीर आवृत्ती आहे.

याच्या उलट बाजूचेही उदाहरण आहे. नेदरलँड्समधील राइसवाइक येथील प्राइमेट संशोधन केंद्रात मार्मोसेटमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिससारखा (स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करते असा) आजार निर्माण करून अभ्यास केला जातो. मानवी सीडी२० विरुद्धचे, स्वतः पूर्णपणे मानवी असलेले एक प्रतिपिंड मार्मोसेटच्या बी पेशींनाही चिकटत होते. ते उशिरा दिले तरी आजाराची वाढ थांबते, असे त्यांनी २०१० साली प्रसिद्ध केले. आज मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांना बी पेशी कमी करणारी औषधे दिली जातात, त्यामागील समज पक्की होण्यास अशा अभ्यासांनी हातभार लावला आहे. उंदरात हेच औषध तपासता आले नसते, कारण मानवी सीडी२० ची प्रतिपिंडे उंदराच्या बी पेशींना सहसा ओळखत नाहीत.

याच अभ्यासप्रकारातली एक बारीक अडचण तंत्रज्ञांनी लक्षात ठेवावी. औषध म्हणून दिलेले सीडी२० प्रतिपिंड पेशीवर आधीच बसलेले असेल तर तपासणीचे सीडी२० प्रतिपिंड तेथे बसू शकत नाही आणि पेशी शिल्लक असूनही दिसत नाही. तेथे बी पेशी दुसऱ्या खुणेवरून मोजाव्या लागतात.

प्राण्यांना होणाऱ्या त्रासाबद्दल माझी भूमिका स्पष्ट आहे. चुकीच्या क्लोनवर खर्च झालेले रक्त हे त्या प्राण्याने विनाकारण सोसलेले दुःख आहे, आणि ते टाळणे आपल्या हातात आहे. आपल्या देशात माकडांवरील कोणत्याही प्रयोगासाठी संस्थेच्या प्राणिनीती समितीबरोबरच केंद्रीय समितीचीही मंजुरी लागते. प्रस्तावात प्रतिपिंडांची आधीची तपासणी कशी केली याचे उत्तर सक्तीने मागावे, असे मला मनापासून वाटते.

बालाघाट (धाराशिव)

आमच्या जिल्ह्यातल्या उपळा गावात माकडांच्या नावे बत्तीस एकर जमिनीची नोंद असल्याच्या बातम्या २०२२ मध्ये आल्या होत्या, म्हणजे आमच्याकडे माकडांना किती मान आहे हे आपल्या ध्यानात येईल. माझा प्रश्न साधा आहे. आपल्याकडच्या वानरांच्या पेशी ओळखायच्या झाल्या तर मार्मोसेटपेक्षा सोपे पडेल का? आणि त्याचा काही उपयोग आहे का?

देवणी_पशुवैद्य (परभणी)

काका, तुलनेने सोपे पडण्याची शक्यता बरीच आहे. आपली काळ्या तोंडाची वानरे आणि लाल तोंडाची माकडे ही दोन्ही जुन्या जगातील माकडांत मोडतात, त्यामुळे मार्मोसेटपेक्षा ती माणसाला बरीच जवळची आहेत. ऱ्हीससवर कोणते क्लोन चालतात याची भरपूर माहिती जमलेली आहे. अमेरिकेत तर प्राइमेट प्राण्यांसाठी उपयोगी प्रतिपिंडांची नोंद ठेवणारे आणि ती पुरवणारे स्वतंत्र राष्ट्रीय केंद्रच आहे. वानरांसाठी सुरुवात ऱ्हीससच्या यादीपासून करावी, तपासणीचे टप्पे मात्र सरांनी सांगितले तेच राहतील.

उपयोगही मोठा आहे. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात आढळलेला क्यासनूर जंगल आजार गोचिडांमुळे पसरतो. त्याने वानरे आणि बोनेट माकडे मरतात आणि माणसांनाही तो होतो. २०१६ मध्ये तो आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही मोठ्या प्रमाणावर दिसला. वानर त्या विषाणूपुढे इतके हतबल का ठरते हे समजून घ्यायचे असेल तर त्याच्या टी पेशी आणि एनके पेशी नेमक्या ओळखता आल्या पाहिजेत. त्यासाठी वानर पकडण्याचीही गरज नाही. अपघातात जखमी होऊन उपचारांसाठी आलेल्या वानराचे, उपचारापुरते काढलेले रक्त योग्य परवानगीने वापरता येईल.

श्रुती_बीड

शेवटचा एक प्रश्न, सर. समजा मार्मोसेटचे फक्त अर्धा मिलिलिटर रक्त हाती आहे आणि नवे क्लोन तपासायचे आहेत. कोणत्या नळ्या आधी लावाव्यात?

गोदातीर (नांदेड)

श्रुती, प्रत्येक नळीला ५० मायक्रोलिटर धरले तर दहा नळ्या होतात, त्यांतली एक राखीव ठेव. सर्वांत आधी न रंगवलेली नळी लाव, नाहीतर पेशींची स्वतःची चमक कळणार नाही. दुसरी नळी ज्यांच्याबद्दल खात्री आहे अशाच खुणांची असावी, उदाहरणार्थ ६सी९ हा सीडी४५ आणि एसपी३४-२ हा सीडी३, म्हणजे नमुनाच खराब असेल तर ते लगेच कळेल आणि उरलेले रक्त वाया जाणार नाही. त्यानंतर एका वेळी एकच नवा क्लोन या खात्रीच्या खुणांसोबत घाल. दोन नवे क्लोन एका नळीत एकत्र कधीही घालू नकोस. या खात्रीच्या खुणांची नळीच तुझ्यासाठी प्रत्येक नव्या क्लोनचे एफएमओ नियंत्रण ठरते, त्यामुळे त्यावर वेगळे रक्त खर्च होत नाही. मात्रा ठरवण्याचे टायट्रेशन शक्यतो प्लीहेच्या गोठवून ठेवलेल्या पेशींवर कर. दुसऱ्या कामासाठी मृत झालेल्या प्राण्याच्या प्लीहेतून एकदा पेशी साठवल्या की त्या पुष्कळ चाचण्यांना पुरतात. मात्र गोठवून वितळवल्यावर काही खुणा फिक्या पडतात, म्हणून ठरलेली मात्रा ताज्या रक्ताच्या त्या राखीव नळीत एकदा पडताळून पाहा. भरपाई, म्हणजे रंगांच्या सांडलवंडीचे गणित, प्रतिपिंड धरणाऱ्या मण्यांवर बसव, त्यासाठी रक्ताचा एकही थेंब वापरू नकोस.

तुझ्या नोंदवहीत प्रत्येक नळीपुढे क्लोनचे नाव, रंग, लॉट क्रमांक, मात्रा आणि प्राण्याचे कुटुंब लिही. न चाललेल्या क्लोनचीही तेवढीच सविस्तर नोंद ठेव आणि जमल्यास येथे टाक. मी माझ्याकडची यादी या आठवड्यात टंकून याच धाग्यावर देतो.